आमिदींची बोटं आणि अब्बांची बोटं

गेल्या रमजानमध्ये आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. 'ब्रेल लिपीचा शोध लुई ब्रेलने नव्हे, तर त्याच्या पाचशे वर्षं आधी बगदादच्या एका अंध मुसलमान आलिमनं लावला. पाश्चात्त्यांनी हे लपवून ठेवलं. दहा जणांना पाठवा.' असे मेसेज मी सहसा पुढे सरकवतो, म्हणजे बोटानं वर ढकलतो. या वेळी तसं करता आलं नाही, कारण तो मेसेज कुणीतरी अब्बांना वाचून दाखवला होता.

अब्बांनी चाळीसेक वर्षं शिंपीकाम केलं. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू आत ओढून घेतली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धूसर झालं. आता उजेड कुठून येतो एवढंच कळतं. तरावीहहून आल्यावर त्यांनी मला विचारलं, "ये बात सच्ची हाय क्या?" मी म्हणालो, बघून सांगतो. त्यावर ते जे म्हणाले, त्यातून हा लेख झाला. "सुई टोचून टोचून माझी बोटं निबर झाली. मग त्या माणसाची बोटं रोज तेच तेच चाचपून शहाणी कशी झाली?"

प्रश्न शिंप्याचा आहे, पण त्याला हजार वर्षांचा इतिहास आहे. त्यात मुसलमान आहेत, फ्रेंच आहेत, जर्मन, इंग्रज, अमेरिकी आहेत. मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं तेवढा तो सोपा नाही, आणि त्याची टिंगल करणाऱ्याला वाटतं तेवढा पोकळही नाही.

आधी बगदादच्या आलिमांबद्दल. त्यांचं नाव झैनुद्दीन अली बिन अहमद अल-आमिदी. हंबली पंथाचे विद्वान, स्वप्नांचा अर्थ सांगण्यात नावाजलेले, आणि पोटासाठी पुस्तकांचा व्यापार करणारे. लहान वयात त्यांची दृष्टी गेली. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं, त्यानंतरच्या काळातला हा माणूस. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं निधन झालं. त्यांची माहिती आपल्याला मिळते ती खलील बिन ऐबक अस-सफदी यांच्याकडून. पॅलेस्टाइनमधल्या सफद गावचे हे लेखक १३६३ मध्ये वारले. त्यांनी 'नक्त अल-हिमयान फी नुकत अल-उमयान' नावाचा एक ग्रंथ लिहिला आहे. त्यात फक्त अंध व्यक्तींची चरित्रं आहेत: कवी, काझी, हदीसचे जाणकार, व्याकरणकार. १९११ मध्ये कैरोमध्ये अहमद झकी पाशांनी तो छापून काढला आणि आमिदींचं नाव आधुनिक जगाला कळलं.

सफदी जे सांगतात ते असं. आमिदी एखादं पुस्तक विकत घेत, तेव्हा पातळ कागदाचा तुकडा घेऊन तो बारीक वळत. त्या वळीपासून एक-दोन अरबी अक्षरं बनवत आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवत. वरून दुसरा कागद लावत, म्हणजे ते टिकून राही. अक्षरं असत ती अबजद पद्धतीनं किमतीची. आपल्याला अबजद नवं नाही. रिक्षाच्या काचेवरचं ७८६ हे 'बिस्मिल्लाह'च्या अक्षरांची अबजदनं केलेली बेरीजच आहे. अलिफ म्हणजे १, बे म्हणजे २, ये म्हणजे १०. समजा पुस्तक बाराला घेतलं असेल, तर ये आणि बे एवढी दोन अक्षरं पुरली. पुढे किंमत आठवेना झाली की पुठ्ठ्याच्या आत बोट फिरवायचं आणि आकडा काढायचा.

सफदी आणखी एक गोष्ट नोंदवतात. कुणी पुस्तक मागितलं तर आमिदी स्वतः उठून कपाटातून नेमकं तेच काढून आणत. अनेक खंडांचं असेल तर हवा तोच खंड. हात लावून पुस्तक किती जुडींचं आहे ते सांगत, पानावरून हात फिरवून ओळी किती ते सांगत.

आता खरं बोलायचं तर ही ब्रेल लिपी नव्हे. आमिदींनी नवी अक्षरं शोधली नाहीत, आहे त्याच अक्षरांना उठाव दिला. त्यांनी पुस्तक लिहिलं नाही, पुस्तकाची किंमत लिहिली. आणि ती युक्ती त्यांची एकट्याची होती; त्यांच्याकडून कुणी शिकलं, पुढे शाळा झाली, असं काही सफदी सांगत नाहीत. म्हणून 'शोध आम्हीच लावला' हा मेसेजचा दावा मी अब्बांजवळ खोटा ठरवला. पण त्यातला एक भाग खरा आहे. कागदाच्या वळीतून अक्षर ओळखणारं बोट चौदाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बगदादमध्ये होतं. हे बोट कसं घडलं, हा अब्बांचा प्रश्न शिल्लकच राहिला.

या प्रश्नाचा अर्धा भाग, म्हणजे बोटं निबर का होतात, आमिदींच्याही तीनशे वर्षं आधी इब्न सीना यांनी हाताळला होता. इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या 'अल-कानून' या वैद्यकाच्या ग्रंथात वेदनेची चर्चा आहे. तिथे ते हमामचं उदाहरण देतात. थंडीच्या दिवसांत माणूस हमाममध्ये शिरतो आणि त्याच्या अंगावर कोमट पाणी पडतं. तो दचकतो, कारण पाणी त्याच्या अंगापेक्षा ऊन आहे. थोड्या वेळानं त्याच पाण्याची सवय होते आणि बरं वाटू लागतं. मग तो आतल्या गरम खोलीत जाऊन बसतो, अंग तापतं. आता तेच पाणी अंगावर घेतलं तर तो गारठ्यानं शहारतो. पाणी तेच, माणूस तोच. बदललं ते दोघांमधलं अंतर.

तापाचंही ते असंच सांगतात. एक दिवसाआड चढणाऱ्या तापाचा रोगी भाजून निघाल्यासारखा तळमळतो. अंगात मुरलेल्या दीर्घ तापाच्या रोग्याला मात्र तेवढी आग जाणवत नाही, जरी त्याच्या अवयवांत उष्णता जास्त असते. इब्न सीनांचा निष्कर्ष असा की, इंद्रियाला कळतो तो बदल. जे अंगात ठरून गेलं, अंगाचाच स्वभाव झालं, ते कळेनासं होतं.

हिवाळ्यात फजरच्या वजूला बसणाऱ्या कुणालाही हे पटेल. पहिला हात पाण्याखाली धरताना जीव जातो, तिसऱ्यांदा तोंडावर पाणी घेताना तेवढं काही वाटत नाही. डोक्यावरची टोपी घातल्यावर मिनिटभर जाणवते, नंतर माणूस टोपी डोक्यावर असताना टोपी शोधतो. इब्न सीनांनी 'अश-शिफा'मधल्या आत्म्याविषयीच्या भागात तर कपड्यांचाच दाखला दिला आहे. त्यांचं म्हणणं, आपले अवयव खरं तर आपल्यासाठी कपड्यांसारखेच आहेत, कायम अंगावर असल्यानं आपण त्यांना 'मी' समजू लागलो. फरक इतकाच की कपडे आपण उतरवतो, हातपाय उतरवत नाही. हे अब्बांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. म्हणाले, "मोठा माणूस होता. शिंप्याकडे बसला असणार."

इब्न सीनांचा ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवला जात होता. पण 'बदल कळतो, स्थिर ते कळत नाही' हे त्वचेच्या आत नेमकं कसं घडतं, हे पाहायला यंत्रं हवी होती. १८३४ मध्ये लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर यांनी कंपासची दोन टोकं त्वचेवर टेकवून मोजमाप केलं. बोटाच्या टोकाला दोन टोकं एकमेकांपासून दोनेक मिलिमीटरवर असली तरी वेगळी कळतात. पाठीवर ती काही सेंटिमीटर लांब नेली तरी एकच वाटतात. म्हणजे सगळी कातडी सारखी शहाणी नाही.

पुढची पायरी १९२६ ची. केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन आणि स्वीडनचे इंग्वे झोटरमन यांनी एकेका मज्जातंतूतून जाणारे विजेचे ठोके टिपले. त्वचेवर दाब दिला की ठोके भराभर येतात. दाब तसाच ठेवला की ठोके विरळ होत जातात. एड्रियन यांनी या विरळ होण्याचा पुढे बराच अभ्यास केला आणि १९३२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज आपल्याला माहीत आहे की त्वचेत स्पर्श टिपणारी टोकं अनेक प्रकारची असतात. काही फक्त स्पर्श सुरू होताना आणि संपताना बोलतात, मध्ये गप्प. काही दाब असेपर्यंत बोलत राहतात, पण तीही हळूहळू आवाज कमी करतात. मूळचे बैरूतचे, आर्मेनियन घराण्यातले आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं ते दाबाची जाणीव करून देणारी पिएझो नावाची प्रथिनं शोधल्याबद्दल. त्वचेतून निघालेली बातमी मणक्यातून वर जाते, आणि मेंदूही तिची छाननी करतो. तीच बातमी पुन्हा पुन्हा आली आणि तिच्यात नवं काही नसलं, तर तिला तो दारातच बसवून ठेवतो.

हे वाईट नाही. अंगावरच्या सदऱ्याचा प्रत्येक धागा दिवसभर जाणवत राहिला असता, तर मानेवर चढणारी मुंगी कशी कळली असती? गप्प बसणं हीसुद्धा इंद्रियाची मेहनत आहे.

पण मग आमिदी? त्यांचं बोट तर रोज पुठ्ठ्यांवरून फिरत होतं. इब्न सीनांचा नियम लावला, तर ते बोट बधिर व्हायला हवं होतं. इथे प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो, आणि त्याचं उत्तर माणसाला फार उशिरा मिळालं.

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफील्ड नावाचे शल्यविशारद फेफऱ्याच्या रोग्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करत. रोगी जागा असे. मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका स्पर्श केला की रोगी सांगे, अंगठ्याला मुंग्या आल्या, ओठाला काहीतरी लागलं. १९३७ मध्ये एडविन बोल्ड्रे यांच्याबरोबर त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि शरीराचा नकाशा मेंदूवर उलगडला. हा नकाशा विचित्र आहे. त्यात पाठ आणि पोट चिमूटभर, आणि ओठ, जीभ, बोटं यांना भलीमोठी जमीन. वेबर यांच्या कंपासचं कोडं यामुळे सुटलं: जिथे जमीन जास्त, तिथे नजर बारीक. पण एक समजूत रूढ झाली ती अशी की, लहानपणी एकदा हा सातबारा झाला की झाला. नंतर हद्दी सरकत नाहीत.

ही समजूत १९८० च्या दशकात मायकेल मर्झेनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरच्या प्रयोगांनी मोडली. एका प्रयोगात माकडाला बोटांची टोकं एका फिरत्या खाचदार चकतीवर हलकेच टेकवायला शिकवलं, तेव्हा खाऊ मिळे. काही महिन्यांनी मेंदू तपासला, तर त्याच बोटांच्या टोकांची जमीन वाढलेली दिसली. याहून मोलाचा मला वाटतो तो १९९२ च्या सुमाराचा ग्रेग रेकान्झोन आणि मर्झेनिक यांचा प्रयोग. काही माकडांना बोटावरच्या कंपनांतला बारीक फरक ओळखायला लावलं. तुलनेसाठी घेतलेल्या माकडांच्या बोटांवर तशीच कंपनं दिली, पण त्यांना काम दिलं होतं कानाचं, आवाज ओळखण्याचं. पहिल्या गटाच्या मेंदूत त्या बोटाचा नकाशा ठळकपणे बदलला. दुसऱ्या गटात तसं घडलं नाही. स्पर्श दोघांना सारखाच होता. एकाचं लक्ष तिथे होतं, दुसऱ्याचं नव्हतं.

अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. मेंदू वारंवार होणाऱ्या स्पर्शाशी एका नव्हे, दोन उलट्या रीतींनी जुळवून घेतो. ज्या स्पर्शाकडे आपण काही मागत नाही, तो विझतो. ज्या स्पर्शाला आपण रोज प्रश्न विचारतो, त्याच्यासाठी मेंदू जागा करून देतो. सुईचं टोचणं अब्बांनी कधी वाचलं नाही, ते सहन केलं. कातडी जाड झाली आणि मेंदूनं दुर्लक्ष करायला शिकलं. पण तीच बोटं कापड चिमटीत धरून सांगत की हे पॉपलीन आहे की टेरिकॉट, सरळ बाजू कोणती, उभा धागा कुठून जातो. तुरपाईचा एक टाका चुकला तर त्यांना अंधारातही कळे. म्हणजे अब्बांची बोटं निबरही झाली आणि शहाणीही. एकाच हातावर दोन्ही इतिहास घडले.

आमिदी आपल्या पुठ्ठ्यांना प्रश्न विचारत होते: किंमत किती, खंड कितवा. म्हणून त्यांचं बोट विझलं नाही.

आता पॅरिसकडे वळू, कारण एका माणसाच्या बोटातलं शहाणपण हजारोंच्या बोटांत कसं उतरलं ते तिथे दिसतं. व्हॅलेंटिन हाउई यांनी १७८५ मध्ये तिथे अंध मुलांची शाळा काढली. ते आमिदींसारखीच नेहमीची अक्षरं उठावाची करून छापत. पुस्तकं जाडजूड होत आणि मुलं एकेक अक्षर चाचपत रेंगाळत. अक्षराचं वळण डोळ्यासाठी केलेलं असतं; बोटाला ती एक लांबच लांब गुळगुळीत रेघ लागते. याच शाळेत १८१९ मध्ये दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. त्याचे वडील खोगीर बनवणारे. तीन वर्षांचा असताना त्यांच्याच कारखान्यातली टोचणी डोळ्यात शिरून त्याचे दोन्ही डोळे गेले होते. १८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नावाच्या गृहस्थांनी ठिपक्यांची एक पद्धत शाळेपुढे ठेवली. बारा ठिपक्यांचा संच असल्यानं तो एका बोटाखाली मावत नसे. ब्रेलनं तो सहा ठिपक्यांवर आणला. १८२४ पर्यंत पद्धत तयार झाली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली.

ब्रेलच्या दोन ठिपक्यांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असतं. वेबर यांनी बोटाच्या टोकाची जी मर्यादा मोजली, तिच्या जरासं वर. वेबर यांचं पुस्तक तेव्हा यायचं होतं. त्या मुलानं ते आपल्या बोटानंच मोजलं. आणि ब्रेल वाचताना बोट थांबत नाही, ते ओळीवरून सरकत राहतं. थांबलं तर ठिपके काही क्षणांत पुसट होतात. सरकतं बोट प्रत्येक ठिपक्याशी नव्यानं सलाम-दुआ करतं. इब्न सीनांचा नियम इथे मोडलेला नाही, तो कामाला लावला आहे.

डोळस शिक्षकांनी या लिपीला बराच विरोध केला. आपल्याला न येणारी लिपी मुलं वापरतात हे त्यांना रुचेना. शाळेनं तिला अधिकृत मान्यता दिली १८५४ मध्ये. ब्रेल १८५२ मध्येच क्षयानं गेला होता.

या बोटांमागचा मेंदू १९९० च्या दशकात तपासला गेला. १९९३ मध्ये अल्वारो पास्कुआल-लिओने आणि फर्नांडो टोरेस यांनी दाखवलं की, ब्रेल वाचणाऱ्यांच्या वाचत्या बोटाची मेंदूतली जमीन दुसऱ्या हाताच्या बोटापेक्षा आणि डोळसांच्या बोटापेक्षा मोठी असते. १९९६ मध्ये नोरिहिरो सादातो आणि सहकाऱ्यांना आणखी चकित करणारी गोष्ट दिसली: लहानपणापासून अंध असलेली माणसं ब्रेल वाचतात, तेव्हा मेंदूचा मागचा, एरवी पाहण्यासाठी असलेला भाग जागा होतो. ही केवळ चित्रातली गंमत नव्हे, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाच्या हकिकतीनं दिसलं. जन्मापासून अंध, ब्रेल सफाईनं वाचणारी एक बाई. मेंदूच्या मागच्या दोन्ही भागांना झटक्यानं इजा झाली. बोटांची संवेदना शाबूत, ठिपके लागत होते, पण वाचन गेलं. डोळ्यांनी कधीच न पाहिलेल्या बाईचा 'पाहण्याचा' भाग गेला आणि ती निरक्षर झाली.

याला किंमतही आहे. १९९८ मध्ये आनेटे श्टेर आणि सहकाऱ्यांनी तीन बोटं एकत्र टेकवून ब्रेल वाचणाऱ्यांना तपासलं. त्यांच्या मेंदूत त्या बोटांच्या हद्दी एकमेकींत मिसळलेल्या निघाल्या. हलका स्पर्श झाला तर नेमक्या कोणत्या बोटाला, हे सांगताना ती माणसं चुकत. आणि ही 'जमीन बळकावण्याची' भाषा फार ताणू नये, असंही काही शास्त्रज्ञ अलीकडे बजावतात. २०२३ मध्ये तमार मेकिन आणि जॉन क्राकौअर यांनी मांडलं की, मेंदूचा एखादा भाग आपलं काम सोडून अगदी नवं काम पत्करतो असं नाही; आधीपासून असलेल्या पण दबलेल्या वाटा सरावानं ठळक होतात. मला हे म्हणणं जास्त धीर देणारं वाटतं. वाटा आधीच असतील तर आपल्याला फक्त चालायचं आहे.

आता आपल्याकडे येतो. सफदींचा ग्रंथ मला अभिमानाचा वाटतो, पण मेसेजमधल्या कारणासाठी नव्हे. चौदाव्या शतकात एका लेखकाला फक्त अंधांची चरित्रं लिहावीशी वाटली आणि ग्रंथ भरेल इतके विद्वान त्याला सापडले, हे महत्त्वाचं. अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम हे अंध सहाबी मदीनेत अजान देत, आणि त्यांच्याकडे क्षणभर पाठ फिरवल्याबद्दल कुराणातली ऐंशीवी सूरा उतरली. ज्या समाजाच्या पायाशी ही गोष्ट आहे, त्यानं अंधांना मान दिला. पण ज्ञान दिलं ते कानानं. आजही आपल्या वस्तीतलं अंध मूल हुशार निघालं तर पहिला विचार हिफ्जचा होतो. हिफ्ज थोरच आहे. माझे पहिले उस्ताद अंध हाफिज होते आणि वर्गातल्या कुणाची जबर-जेर चुकली ते त्यांना आमच्या आधी कळायचं. पण त्यांना कधी पत्र लिहिता आलं नाही. हिशेबाची वही ते दुसऱ्याकडून वाचून घेत.

इजिप्तचे अंध साहित्यिक ताहा हुसैन यांनी 'अल-अय्याम' या आत्मचरित्रात लिहिलं आहे की, फ्रान्समध्ये शिकायला गेल्यावर ते ब्रेल शिकले, पण जीव रमला नाही. ज्ञान कानानं घ्यायची सवय लागली होती, बोटानं नव्हे. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत जे झालं, ते सामान्य मुलाचं का होणार नाही? बोटाला लवकर प्रश्न विचारायला शिकवलं नाही, तर ते टोपीखालच्या कातडीसारखं गप्प बसतं. आमिदींची युक्ती त्यांच्याबरोबर गेली. ब्रेलची टिकली, कारण तिच्या मागे शाळा होती, छापखाना होता, आणि पुढच्या वर्गाला शिकवणारी अंध पोरं होती. आपण 'शोध कुणाचा' यावर भांडतो. मदरशात किती मुलांच्या बोटाखाली ठिपके आहेत, हे कुणी विचारत नाही.

साधनं आहेत. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरलं, त्यात मराठीही आली. उर्दूची ब्रेल आहे, अरबीची आहे, ब्रेलमधलं कुराणही आहे. एक गंमत अशी की, अरबी आणि उर्दू डोळ्यांनी उजवीकडून डावीकडे वाचतात, पण ब्रेलमध्ये बोट डावीकडून उजवीकडेच जातं.

आणि अब्बा? त्यांचा खरा प्रश्न इतिहासाचा नव्हताच, हे मला उशिरा कळलं. सदुसष्टाव्या वर्षी या बोटांकडून काही होईल का, हे त्यांना विचारायचं होतं. मी त्यांना लोत्फी मेराबेत, पास्कुआल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. डोळस प्रौढांच्या डोळ्यांवर पाच दिवस पट्टी बांधून त्यांना ब्रेल शिकवलं. पाच दिवसांत त्यांच्याही मेंदूचा मागचा भाग स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागला, आणि पट्टी काढल्यावर एका दिवसात ते थांबलं. याचा अर्थ म्हाताऱ्या शिंप्याला वर्तमानपत्र वाचता येईल असा होत नाही, हेही सांगितलं. लहानपणी सुरू करणाऱ्याला जे मिळतं, ते तेवढं मिळणार नाही. "पण बंद दरवाजा नाही ना?" त्यांनी विचारलं. नाही, मी म्हणालो.

ईदनंतर एक शिक्षक घरी येऊ लागले. ते स्वतः जन्मापासून अंध आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी अब्बांचा हात धरला आणि म्हणाले, "चाचा, कापड दाबून नका बघू, त्याच्यावरून नुसता हात फिरवा." अब्बा जोर लावत होते. जोर लावला की ठिपका कातडीत रुततो आणि गप्प होतो.

आता चार महिने झाले. अब्बांची अजून गडबड होते ती 'क' आणि 'ल'मध्ये. 'क'ला डावीकडच्या रांगेत वरचा आणि खालचा ठिपका; 'ल'ला मधलाही. बोट जरा थांबलं की मधला ठिपका हरवतो आणि 'कमल'चं 'कमक' होऊन जातं. काल मात्र ते एका गोष्टीवर खूश होते. सरांनी सांगितलं की मराठीचा 'अ', उर्दूचा आणि अरबीचा अलिफ, इंग्रजीचं पहिलं अक्षर, ब्रेलमध्ये हे सगळं एकच आहे: वरच्या कोपऱ्यातला एक ठिपका. अब्बांनी तो कागद दिवसभर खिशात ठेवला. असरच्या नमाजला निघताना मी पाहिलं, चालता चालता त्यांचं बोट खिशातल्या खिशात सरकत होतं.